हिंमतआप्पांची पाटी

हिंमतआप्पा बोरसे यांच्या पिशवीत कायम एक पाटी असायची. पितळेची, दोन वीत लांब, घासून लख्ख केलेली. वर मराठीत आणि खाली गुजरातीत लिहिलेलं, 'हिंमत दगा बोरसे'. चारी कोपऱ्यांना भोकं पाडलेली होती आणि चार स्क्रू एका कागदाच्या पुडीत बांधून सोबत ठेवलेले होते. सगळं तयार. फक्त ती ठोकायला भिंत नव्हती, कारण आप्पांना स्वतःचं घर नव्हतं.

लोक आधी घर घेतात आणि मग पाटी करतात, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं.

"ते लोकांचं," आप्पा म्हणाले. "आमच्या धंद्यात रंग आधी ठरतो ताई. कापड मागून येतं."

आप्पांचा धंदा म्हणजे रंगाचा. इथे गुजरातेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, त्यांनी उभी हयात कलर मास्टर म्हणून काढली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण नखांच्या कडा अजून निळसर आहेत. जगातली कुठलीही गोष्ट नाकारायची असली की आप्पा डोळे बारीक करतात, मान थोडी कलती करतात आणि म्हणतात, "शेड बसत नाही." चहा पांचट असला, शेड बसत नाही. नगरसेवक दात दाखवून गेला, शेड बसत नाही. माझ्या नवऱ्याने मिशी काढली तेव्हा आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्याच्याकडे पूर्ण एक मिनिट बघत राहिले आणि मला म्हणाले, "पहिलं सॅम्पल चांगलं होतं."

माझं डिंडोलीत झेरॉक्सचं दुकान आहे. नाव सुनंदा, तोंड फटकळ, हे गल्लीत कोणीही सांगेल. दुकानामागच्या चाळीत एका खोलीत आप्पा भाड्याने राहतात. राहायचे, म्हणायला पाहिजे आता. तर सांगते.

आप्पांची बायको विमलकाकू सहा वर्षांपूर्वी गेली. एकच मुलगा, तो बेंगळुरूला. त्याने तिकडेच कोर्टात लग्न केलं आणि फोन करून कळवलं. नंतर फोटो आला. आप्पा तो फोटो घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, दोन झेरॉक्स काढ.

"रंगीत काढू?" मी विचारलं.

"नको. रंग दिसला की मी चुका काढत बसेन."

ते कागद घडी न करता, उभेच्या उभे पिशवीत ठेवून गेले. मी पैसे घेतले नाहीत. घ्यायला हात पुढे झाला नाही.

या माणसाला बुद्धी सुचली ती रिटायर झाल्यावर. पेपरात जाहिरात वाचून ते एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांच्या शिबिराला बसले. बँकेने ज्या घरांवर जप्तीची नोटीस लावलीय, त्या घरमालकांना लिलावाआधीच गाठायचं आणि घर स्वस्तात काढायचं, असं ते शिबीर. टाय लावलेला एक कोच होता. त्याने सर्टिफिकेट दिलं, एक फाईल दिली आणि तीन नियम दिले. आप्पा ते कोचच्याच हिंदीत म्हणून दाखवायचे. एक, दस मिनट से ज्यादा बैठने का नहीं. दोन, चाय पीने का नहीं. तीन, इमोशनल होने का नहीं. नोटीस लागलेला माणूस घाबरलेला असतो, निम्म्या किमतीत सही करतो, असं कोचचं म्हणणं.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. "आप्पा, लाज नाही वाटत? लोकांचं घर जातंय आणि तुम्ही गिधाडासारखे वर घिरट्या घालणार?"

आप्पांना ते लागलं. बराच वेळ काउंटरवरची स्टेपलर उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "मी विकायला नाही घेत ना माय. मला एकच घर पाहिजे. राहायला. विमलला सांगितलं होतं, पाटी लावूनच मरेन. बाजारभावाने मला कुठे परवडतंय?"

पाटी विमलकाकूच्या पैशांची होती, हे मला तेव्हा कळलं. काकू घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवायची. त्या कमाईतून तिने ती करून आणली होती, नवऱ्याने घरासाठी नेट लावावा म्हणून. घर व्हायच्या आधी तीच गेली.

 मग मी नोटिशींची बारीक अक्षरं मोठी करून द्यायला लागले.

पहिल्या तीन घरी आप्पा एकटे गेले. पहिल्या घरी बाईने साखळी लावूनच दार किलकिलं केलं, हे वसुलीवाले म्हणून आतून ओरडली आणि शेजारी गोळा झाले. दुसऱ्या घरी कुत्रं होतं. तिसऱ्या घरी माणूस इतका रडला, की आप्पाच त्याला पाणी आणून देत बसले, त्याच्याच माठातून.

चौथ्या रविवारी सकाळी आप्पा माझ्या दारात उभे. पांढरा शर्ट, टोपी, खांद्याला ती पिशवी. हातात नारळ, डझनभर केळी आणि अर्धा किलो फरसाण.

"चल ताई. बाईमाणूस सोबत असलं की दार उघडतं."

"आणि हे नारळ-केळी कशाला? सत्यनारायण आहे का?"

"लोकांच्या घरी मोकळ्या हाताने जायचं?"

माझ्या लक्षात आलं. आप्पांना अनोळखी घरी जायची एकच रीत माहीत होती, सोयरिकीची. भाऊबंदांमध्ये मुलगी बघायला जायचं असलं की आप्पांना पुढे घालायचे. दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी निम्मा खान्देश पालथा घातलेला. स्वतःच्या मुलाच्या वेळी मात्र ती संधीच आली नाही. तर आता घर बघायला निघाले, तेही तसेच. रविवार, अकराची वेळ, नारळ, आणि सोबत एक बाई.

दार उघडायचं, हे खरं. पण पुढे सगळा घोळ. आप्पा आत शिरले की आधी भिंतीवर बोटाची पेरं वाजवायचे, नळ सोडून धार बघायचे, मोरीत डोकावायचे. घरातला माणूस बावचळून बघत राहायचा. मग आप्पा खुर्चीत बसून विचारायचे, "तुमनं गाव कोनतं, भाऊ?"

संपलं. या एका प्रश्नावर आप्पांचा धंदा बुडाला. डिंडोली काय, नवागाम काय, निम्मी वस्ती आमच्याच खान्देशातली. गावाचं नाव निघालं की शेजारचं गाव निघायचं, मग कोणाची तरी मावशी तिकडे दिलेली निघायची, आणि दहा मिनिटांत घरमालक आप्पांच्या चुलतभावाचा साडू निघायचा. चहा यायचा. दुसरा चहा यायचा. एका ठिकाणी तर आम्ही शेवभाजी जेवून उठलो.

बाहेर आल्यावर मी विचारायचे, "घराचं काय?"

"पाव्हण्याचं घर कसं घ्यायचं? शेड बसत नाही."

आणि एवढ्यावर भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पाव्हण्याला घेऊन आप्पा बँकेत. हप्त्याला मुदत मागायचा अर्ज माझ्याकडे टाईप करायला. फुकट, अर्थात. दोघातिघांना अशी मुदत मिळाली. त्यांची घरं वाचली आणि आप्पांची पाटी पिशवीतच राहिली.

त्या पाटीचाही एक तमाशा असायचा. निघताना, घरचे आत वळले की आप्पा झटकन ती बाहेर काढायचे, चौकटीशेजारी भिंतीला लावून बघायचे, डोळे बारीक करायचे आणि परत आत टाकायचे. तेवढा वेळ मी रस्त्याकडे नजर ठेवून उभी. लोक चोरी करताना पहारा देतात, मी पाटीसाठी द्यायचे.

मग आलं सोनवण्यांचं घर.

डिंडोलीतलंच रो-हाऊस. खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. वसंतभाऊ सोनवणे एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये कारागीर होते, युनिट बंद पडलं, हप्ते थकले. आम्ही पोचलो तेव्हा दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर, कॅलेंडर टांगलेलं होतं. आता बाहेर उन्हात कोण कॅलेंडर लावतं? वारा आला, कॅलेंडर हललं आणि खालच्या नोटिशीचा कोपरा दिसला. ज्याला माहीत नाही त्याला कळू नये, एवढ्यासाठी तो खटाटोप होता.

आप्पांनी बेल वाजवली. शोभावहिनींनी दार उघडलं, नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला!

"या, या! पत्ता लगेच सापडला ना? अहो, आले बरं का!"

एवढं स्वागत आमचं कुठेच झालं नव्हतं. सोफ्यावर धुतलेलं कव्हर होतं. कॉटखाली साड्यांचे गठ्ठे घाईने ढकललेले, खोलीत स्टोन चिकटवायच्या गमाचा वास. वसंतभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून हात जोडून उभे. आप्पा माझ्या कानाशी कुजबुजले, "बघ. कोच म्हणतो लोक घाबरतात."

गाव विचारून झालं. नशिबाने नातं निघालं नाही. वर किती खोल्या, पाणी किती वेळ येतं, हे आप्पांनी विचारलं आणि वसंतभाऊंनी मोठ्या उत्साहाने सांगितलं. आतून फोडणीचा वास येत होता. आणि मग स्वयंपाकघराचा पडदा बाजूला झाला.

पोह्यांचा ट्रे. ट्रेमागे साडी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली, बाविसेक वर्षांची पोरगी.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या लोकांकडे आज मुलगी बघायला पाहुणे यायचे होते. रविवार, अकरा, नारळ, केळी, टोपीवाले गृहस्थ, सोबत बाई. आम्ही पाहुणे झालो होतो!

मी आप्पांना कोपराने ढोसलं. त्यांना वाटलं, पोहे घ्या म्हणतेय. त्यांनी घेतले. पोरगी समोरच्या खुर्चीवर मान खाली घालून बसली. 

"विचारा ना," शोभावहिनी म्हणाल्या. "काय विचारायचं ते विचारा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आणि मग त्या माणसाच्या अंगात मुरलेल्या सगळ्या सोयरिकी जाग्या झाल्या असाव्यात. तोंडातला घास गिळून ते शांतपणे म्हणाले, "नाव काय बेटा?"

"जागृती."

"शिक्षण?"

"बी.कॉम. एका कापड मार्केटमध्ये बिलिंगला आहे."

"छान. पोहे तूच केले?"

मी त्यांना चिमटा काढला. चांगला पीळ देऊन काढला. पोरीने तेवढ्यात मान वर केली. धीट होती. म्हणाली, "मुलगा नाही आला?"

"कोणाचा?"

"तुमचा."

आप्पा चमचा तोंडाशी धरून म्हणाले, "तो बेंगळुरूला ऱ्हातो ना. त्याचं लग्न झालं."

 बाजूच्या कारखान्यातल्या लूमची खटाखट तेवढी ऐकू येत होती. वसंतभाऊंचे जोडलेले हात तसेच राहिले.

शेवटी मीच बोलले. दुसरं कोण बोलणार? "वहिनी, माफ करा. आम्ही पाहुणे नाही. नोटीस वाचून आलोय. हे आप्पा घर घ्यायला बघतायत."

मला वाटलं, आता शिव्या पडतात. पडल्या असत्या तर बरं झालं असतं. शोभावहिनी दोन पावलं मागे सरकल्या, भिंतीला टेकल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पोहे तरी संपवा. ताटातलं टाकू नका."

आणि त्याच वेळी वसंतभाऊंचा फोन वाजला. ते "हो, हो" म्हणत राहिले, प्रत्येक हो आधीच्यापेक्षा हळू. फोन ठेवून बायकोला म्हणाले, "ते येत नाहीत. त्यांना कोणीतरी नोटिशीचं सांगितलं. ज्यांचं घरच उठणार, त्यांच्याशी कशाला, म्हणाले."

जागृती उठली. तिने आमच्या रिकाम्या बशा उचलल्या, केळ्यांची पिशवी परत माझ्या हातात दिली आणि आत गेली. पदर तिने आत जायच्या आधीच डोक्यावरून काढला होता.

आप्पांनी नारळ तिथेच टेबलावर ठेवला. बाहेर आलो. मी वाट बघत होते, आता पाटी निघेल, डोळे बारीक होतील, शेड बसत नाही म्हणतील. पिशवीला हातही लागला नाही. कॅलेंडर वाऱ्याने उलटं झालं होतं, ते त्यांनी सरळ केलं, नोटीस नीट झाकली आणि चालायला लागले. 

"आप्पा, बोला ना काहीतरी," मी शेवटी म्हटलं.

"काय बोलू? मी पोरीला नाव विचारलं ना माय. नाव विचारून उठून आलो."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी शेजारच्या चार रो-हाऊसमध्ये जाऊन विचारलं, असं घर आज काय भावाला जातं. तिसऱ्या दिवशी ते एकटे सोनवण्यांकडे गेले आणि तोच भाव सांगून आले. निम्मा नाही, पाव कमी नाही, चालू बाजारभाव. त्यासाठी फंडाचे पैसे, गावच्या जमिनीचा हिस्सा, विमलकाकूच्या पाटल्या, सगळं काढलं.

मी दुकानात अक्षरशः ओरडले. "बाजारभावाने परवडत नाही म्हणत होता ना? म्हातारपणी खाणार काय? तुमच्या त्या कोचला कळलं तर सर्टिफिकेट काढून घेईल!"

"पेन्शन शे ना थोडी. आणि भाडं येईल. ते लोक खालीच ऱ्हातील, भाड्याने. मी वरच्या खोलीत."

वसंतभाऊंनाही संशय आला होता. एवढे का देताय, म्हणून त्यांनी तीनदा विचारलं. आप्पांनी तिन्ही वेळा एकच सांगितलं, बाजारात हीच शेड चालू आहे.

बँकेचं देणं फिटलं, बँकेने कागद सोडले, उरलेली रक्कम वसंतभाऊंना मिळाली आणि त्यातून त्यांनी एक जुनं एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं. दस्तावेज आप्पांच्या नावावर झाला आणि ते वरच्या खोलीत राहायला आले. दस्तावेजाच्या झेरॉक्स मीच काढल्या, पाच सेट, आणि प्रत्येक पानावर 'हिंमत दगा बोरसे' वाचताना मला उगाच भरून येत होतं. विमलकाकू असायला पाहिजे होती. मी ड्रिल मशीन मागून आणलं, पेढे आणले.

"चला आप्पा. पाटी काढा."

"भिंत ओली शे."

"उन्हाळा चाललाय!"

"मुहूर्त बघतो."

आठवडे गेले. कधी स्क्रू गंजले म्हणाले, कधी पाटी पुन्हा घासायची म्हणाले. नोटीस निघाली होती, भिंतीवर तिच्या खळीचे चार डाग राहिले होते, आणि दारावर अजून 'वसंत सोनवणे' हीच जुनी लाकडी पाटी. मी चिडून बोलणंच टाकलं. ड्रिल परत करून आले.

मग एक रविवार आला. जागृतीला बघायला लोक येणार होते, दुसरे, नवसारीकडचे. शोभावहिनींनी मला मदतीला बोलावलं. गेले तर आप्पा बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर नाही, दाराजवळच्या स्टुलावर बसलेले. टोपी नवी. मुलीकडच्या बाजूला बसायची त्यांची पहिलीच वेळ. इतके घाबरलेले, की मी पाणी दिलं ते त्यांनी पाहुण्यांसाठी म्हणून तसंच हातात धरून ठेवलं.

पाहुणे आले. नारळ, केळी, सगळं रीतीने. मुलगा बरा होता, लाजाळू. त्याचे वडील मात्र पक्के. पोहे खाऊन झाल्यावर बशी खाली ठेवून त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"वसंतभाऊ, राग मानू नका. तुमच्या घराचं काहीतरी बँकेचं कानावर आलं होतं. घर स्वतःचंच आहे ना?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वसंतभाऊ पाहुण्यांची रिकामी बशी उचलायला वाकले. शोभावहिनींनी माझा हात धरला. माझ्या पलीकडे जागृती, तिने डोळे मिटून घेतले होते. पहिल्या लोकांनी फोनवर जे सांगितलं होतं, ते आता तोंडावर ऐकायची पाळी होती.

"बँकेचं मिटलं," स्टुलावरून आप्पा बोलले. "कागद मी स्वतः पाहिलेत. घर यांचंच शे."

"आणि आपण?"

"मी वर भाड्याने ऱ्हातो." आप्पा हातातलं पाणी घोटभर प्यायले. "माणसं फार चांगली शेत. भाडं चार दिवस उशिरा गेलं, तरी वहिनी कधी बोलत नाहीत."

खोटं मला खपत नाही. नवऱ्याचं खपत नाही, गिऱ्हाइकाचं खपत नाही. त्या दिवशी मी पदराचा बोळा तोंडात धरून गप्प उभी राहिले, आणि रडत होते हे वहिनींनी सांगितल्यावर मला कळलं.

मुलगा-मुलीला बोलायला गच्चीवर पाठवलं. जागृतीने तिथे त्या मुलाला सगळं खरं सांगून टाकलं, घर कोणाचं, भाडेकरू कोण. पोरगी तशीच आहे.  त्यावर मुलाने म्हणे एवढंच विचारलं, लग्नानंतर आप्पा इथेच राहतील ना?

हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आप्पांना शोधत होते. पाणी पिऊन झाल्यावर ते जे उठून गेले, ते वर त्यांच्या खोलीत. मी जिना चढून गेले. पहिल्यांदाच आत पाऊल ठेवलं. कॉट, ट्रंक, विमलकाकूचा फोटो. आणि फोटोशेजारी, आतल्या भिंतीवर, कॉटवर पडलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली पाटी.

"आत? आप्पा, पाटी घराच्या आत लावतात का? कोण वाचणार ती?"

"मी वाचतो ना," आप्पा म्हणाले. पाटीवर त्यांनी शर्टाची बाही एकदा फिरवली. "बाहेर लावली असती तर त्या माणसाचं नाव उतरवावं लागलं असतं. पोरीला बघायला लोक येतात, दारावर बापाचं नाव पाहिजे. आणि बाहेर लावून तरी काय, सुनंदा? माले शोधाले कोन येई?"

 

तेवढ्यात खालून, जिन्याच्या तोंडाशी येऊन, जागृतीने हाक मारली.

"आप्पा! अहो, कुठे गेलात? ते हो म्हणाले. सोयरीक पक्की करायला नारळ द्यायचाय. बाबा म्हणतात, घरातल्या मोठ्या माणसाने द्यायचा असतो. सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मला विचारलं, सरळ आहे ना? मी मान हलवली. जिना उतरताना ते दोनदा कठडा धरून थांबले. गुडघे दुखतात, म्हणाले. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.